पत्र्याआडून उमटणारी अक्षरे

रेल्वेचे फाटक बंद होऊन समोरून लांबलचक मालगाडी धडधडत जाऊ लागली की मुले डबे मोजू लागतात आणि मोठी माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. डब्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगात काही अक्षरे आणि आकडे लिहिलेले असतात, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही अक्षरे उंच आणि सडपातळ असतात, रेघा मात्र चांगल्या जाड असतात. पुष्कळदा ती सलगही नसतात. शून्याला वर आणि खाली चीर असते, आठाच्या कमरेत फट असते, इंग्रजी 'आर'चा पाय धडापासून सुटलेला असतो. रंगाऱ्याने घाईघाईत काम अर्धवट टाकले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते.

प्रत्यक्षात त्या चिरा मुद्दाम ठेवलेल्या असतात. हे अक्षर कुंचल्याने लिहिलेले नसून पत्र्यात कापलेल्या भोकातून उमटवलेले असते आणि चिरा ठेवल्या नाहीत तर ते उमटूच शकत नाही. या पद्धतीला स्टेन्सिल म्हणतात. रंगाऱ्यांच्या बोलीत तो नुसता 'छाप' असतो. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या यंत्रांच्या लाकडी खोक्यांवर, कारखान्यांच्या पिंपांवर, विमानांच्या पंखांवर आणि घरोघरच्या स्वयंपाकघरातही ही अक्षरे भेटतात. ती अशी का दिसतात आणि वाचता येणे का गरजेचे आहे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

मधला तुकडा कुठे जातो?

स्टेन्सिलचे तत्त्व मराठी घरांना नवे नाही. दिवाळीत दारापुढे रांगोळीचे पत्र्याचे छापे ठेवून त्यावरून रांगोळी फिरवली जाते. छापा उचलला की खाली लक्ष्मीची पावले, गोपद्म किंवा स्वस्तिक उमटते. हे छापे बहुधा बारीक भोकांचे असतात. रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ असते. यामागे एक साधी अडचण आहे. कागदावर स्वस्तिक काढून ते कात्रीने कापले तर चांगले मोकळे भोक मिळते. पण वर्तुळाची नुसती रेघ कापायला गेले तर मधला गोल सुटून खाली पडतो आणि हाती उरते एक मोठे भोक. रंग लावला तर वर्तुळाच्या रेघेऐवजी भरीव टिकली उमटते.

अक्षरांचेही तेच होते. इंग्रजी 'ओ', 'ए', 'बी', 'डी', 'पी' किंवा ०, ६, ८, ९ हे आकडे पत्र्यात कापले तर त्यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. ते जागेवर ठेवायचे तर आजूबाजूच्या पत्र्याशी त्यांना बारीक पट्टीने जोडून ठेवावे लागते. ही पट्टी म्हणजे बेटावर जाणारा पूल. पुलाच्या जागी रंग पोचत नाही, म्हणून अक्षरात चीर दिसते. पूल फार बारीक ठेवला तर चार-सहा वेळा वापरताच तो वाकतो किंवा तुटतो. फार रुंद ठेवला तर अक्षराचे तुकडे वेगवेगळे दिसू लागतात आणि वाचणारा अडखळतो. पूल कोठे आणि किती रुंद ठेवायचा, हे ठरवण्यातच छाप कापणाऱ्याचे कसब असते.

ज्यांनी जुन्या काळी कचेरीत टंकलेखन केले आहे, त्यांना या गळणाऱ्या पोटाचा अनुभव असेल. सायक्लोस्टाइलसाठी मेणाच्या कागदावर टंकताना बोट जोरात पडले की 'ओ' अक्षराचा गोलच कापून निघे आणि सगळ्या प्रतींवर त्या जागी काळा ठिपका येई.

पत्र्याचे छाप करण्यासाठी पातळ जस्त, पितळ किंवा ॲल्युमिनियम वापरतात. तेल पाजलेला जाड पुठ्ठाही चालतो. आपल्याकडे तर एक्स-रेची जुनी फिल्मही या कामी येते. आता लेसरने पत्रा कापून देणारी यंत्रे आली आहेत, पण रंग लावण्याची रीत तीच राहिली आहे. रंग घट्ट हवा आणि कुंचल्यावर अगदी थोडा हवा. कुंचला आडवा ओढायचा नाही, उभा धरून थोपटायचा. ओढला की रंग पत्र्याखाली शिरतो आणि अक्षराला मिशा फुटतात. फवारा मारायचा तर तो समोरून मारावा लागतो. छाप उचलताना तो सरळ उचलायचा आणि पुढच्या वेळी ठेवण्याआधी त्याची मागची बाजू पुसायची. एवढी शिस्त पाळली तर पहिले आणि शंभरावे अक्षर सारखेच येते.

उंच का, अरुंद का, जाड का?

औद्योगिक कामासाठी वापरली जाणारी स्टेन्सिल अक्षरे बहुधा जाड आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी अरुंद असतात. ही केवळ फॅशन नव्हे. त्यामागे जागेचा हिशेब आहे.

समजा, वॅगनच्या एका बाजूवर एक मीटर रुंदीची जागा आहे आणि तिच्यात अकरा आकडे बसवायचे आहेत. प्रत्येक आकड्याला साडेसात सेंटिमीटर आणि मधल्या फटीला दीड सेंटिमीटर दिले की जागा संपली. आता आकड्याची रुंदी उंचीच्या निम्मी ठेवली तर उंची १५ सेंटिमीटर मिळते. तीच रुंदी उंचीच्या चौथाई ठेवली तर उंची ३० सेंटिमीटर होते. फलक लिहिणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असा आहे, की दहा फुटांवरून सहज वाचायचे असेल तर अक्षर एक इंच उंच हवे. म्हणजे पहिला क्रमांक साधारण ६० फुटांवरून वाचता येईल आणि दुसरा १२० फुटांवरून. त्याच जागेत, तेवढेच आकडे बसवून, केवळ अक्षर अरुंद केल्याने अंतर दुप्पट झाले.

जाडीचे कारणही असेच व्यवहाराचे आहे. बारीक रेघेच्या अक्षराला पुलाने तोडले तर उरतो तो ठिपक्यांचा आणि काड्यांचा पसारा. रेघ जाड असली की एखादी चीर पचून जाते. शिवाय धूळ, तेलाचे ओघळ, ऊन आणि पाऊस यांनी रंग झिजला तरी जाड रेघेतले काही ना काही शिल्लक राहते.

अर्थात अरुंद आणि जाड या दोन्ही गोष्टी हाताबाहेर गेल्या तर अक्षराच्या पोटातली मोकळी जागाच नाहीशी होते. मग ६, ८ आणि ० ही भावंडे एकमेकांसारखी दिसू लागतात. ३ च्या उघड्या बाजूला रंग फुटला की त्याचा ८ होतो. स्टेन्सिलमधली ही चूक नुसती दिसायला वाईट नसते. ती कोणाला तरी महागात पडू शकते.

१९३७ साल आणि बेंगळुरूचा कारखाना

खोक्यांवर छापाने अक्षरे उमटवण्याची पद्धत फार जुनी आहे. पण छापखान्यातल्या खिळ्यांना हे रूप देऊन ते प्रसिद्ध झाले १९३७ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत गेरी पॉवेल यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी आणि रॉबर्ट हंटर मिडल्टन यांनी लडलो या कंपनीसाठी जवळजवळ एकाच वेळी 'स्टेन्सिल' नावाचीच दोन अक्षररूपे तयार केली. दोन्हींत फक्त मोठी इंग्रजी अक्षरे होती. खोक्यांवरच्या छापातला पूल ही वास्तविक नाइलाजाची गोष्ट होती. या दोघांनी ती जाहिरातीच्या मथळ्यात आणून बसवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या गाड्या, पेट्या आणि पिंपे स्टेन्सिलच्या अक्षरांनी भरून गेली आणि हे वळण म्हणजे सैन्य आणि कारखाना, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

याच काळात बेंगळुरूचा संबंध येतो आणि त्याची सुरुवात एका सोलापूरकराने केलेली आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले, यंत्रे आणि तंत्रज्ञ अमेरिकेतून आले. १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये तो विमान दुरुस्तीसाठी अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे सोपवण्यात आला. पूर्वेकडच्या आघाडीवरची विमाने येथे येऊन दुरुस्त होऊन जात. सुटे भाग साता समुद्रापलीकडून पेट्यांत भरून येत आणि कोणत्या पेटीत काय आहे, ती कोठे जायची आहे, हे पेटीवरच्या अक्षरांवरूनच कळे.

युद्ध संपल्यावर विमानांचे काम एकदम कमी झाले. कामगारांच्या हाताला काम हवे म्हणून या कारखान्यात रेल्वेचे डबे बनू लागले. १९६४ मध्ये हे डब्यांचे काम नव्याने स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे आजच्या बीईएमएल कंपनीकडे गेले. त्याच वर्षी विमान कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजेच 'एचएएल' झाला. पुढे मेट्रोचे डबेही बीईएमएलने बनवले. विमान आणि रेल्वे, ज्यांच्या अंगावर छापाची अक्षरे सर्वांत जास्त असतात, ती दोन्ही वाहने अशा रीतीने एकाच शहरातल्या एका कारखान्यात शेजारी शेजारी तयार झाली.

येथे पाय ठेवू नये

स्वतंत्र भारतात आरेखन झालेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान बेंगळुरूत १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या आरेखनाचे नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले होते. कोल्हापूरकडचे हे मराठी शास्त्रज्ञ जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले होते आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्र शिकवले होते. १९६४ मध्ये प्रथम उडालेले 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. एचएएलने २००१ मध्ये बेंगळुरूत उघडलेल्या संग्रहालयात जुनी विमाने जवळून पाहता येतात. बहुतेक प्रेक्षकांचे लक्ष पंखांकडे आणि चालकाच्या आसनाकडे जाते. विमानाच्या अंगावरची बारीक अक्षरे वाचत उभा राहणारा विरळाच.

लढाऊ किंवा प्रशिक्षण विमानाच्या कातडीवर अशा अनेक सूचना असतात. येथे पाय ठेवू नये. येथून विमान उचलावे. हे झाकण अमुक दिशेने उघडते. आसन उडवणाऱ्या यंत्रणेजवळ धोक्याचा लाल त्रिकोण असतो, कारण जमिनीवर उभ्या विमानातही ती चुकून सुटली तर जीव जाऊ शकतो. इंधन भरण्याच्या तोंडापाशी कोणते इंधन भरायचे ते लिहिलेले असते. पिस्टन इंजिनाच्या विमानात जेटचे इंधन भरले गेले तर उड्डाणानंतर इंजिन बंद पडते. ही चूक टाळण्याचे काम तेथे लिहिलेल्या दोन शब्दांवर सोपवलेले असते.

विमान जोडणारा एक, तपासणारा दुसरा, इंधन भरणारा तिसरा आणि उडवणारा चौथा असतो. या चौघांची गाठ पडतेच असे नाही. एकाने दुसऱ्याला जे सांगायचे, ते विमानाच्या अंगावरच लिहून ठेवावे लागते आणि ते कोणाच्या हस्ताक्षरात असून चालत नाही. हस्ताक्षर एकाला लागते, दुसऱ्याला लागत नाही. छापाचे अक्षर माणूस बदलला तरी बदलत नाही.

अकरावा आकडा

आता पुन्हा मालगाडीकडे वळू. भारतीय रेल्वेच्या वॅगनवर अकरा आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वे विभागाची आहे ते आणि त्यापुढचे दोन तिच्या बांधणीचे वर्ष. नंतरचे चार आकडे म्हणजे त्या वॅगनचा स्वतःचा क्रमांक. उरतो तो अकरावा. हा आकडा स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. आधीचे दहा बरोबर वाचले की नाही, याची तो साक्ष देतो.

उदाहरणादाखल ३१०४०६१२३४ हे दहा आकडे घेऊ. डावीकडून मोजत सम स्थानांवरचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा आकडा मिळवायचा. १, ४, ६, २ आणि ४ यांची बेरीज १७. तिची तिप्पट ५१. विषम स्थानांवरचे ३, ०, ०, १ आणि ३ मिळून ७. दोन्हींची बेरीज ५८. तिच्यापुढची दहाच्या पाढ्यातली संख्या ६०. म्हणून अकरावा आकडा २. आता रंग फुटल्यामुळे कारकुनाने सहाव्या जागेवरचा ६ हा ८ असा वाचला, तर सम आकड्यांची बेरीज १९, तिप्पट ५७ आणि एकूण ६४ होते. त्यावरून अकरावा आकडा ६ यायला हवा. वॅगनवर तर २ आहे. म्हणजे वाचण्यात काही तरी चुकले. एकच आकडा चुकीचा वाचला गेला असेल तर या हिशेबात तो पकडला जातोच.

अशी पकड का हवी? क्रमांक चुकला तर कागदोपत्री एक वॅगन एका गावी असते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच गावी. तिच्यात गहू असो, खत असो की सिमेंट, त्याची वाट पाहणारा कोणी तरी खोळंबतो. जहाजाने जाणाऱ्या मोठ्या पेट्यांवरही याच कल्पनेने शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. देशाच्या आतल्या भागात अशा पेट्यांची ने-आण करणारे पहिले आगार बेंगळुरूतच १९८१ मध्ये सुरू झाले होते. आता पेट्यांवरची अक्षरे बहुधा चिकटपट्टीच्या कागदाची असतात आणि अलीकडच्या वर्षांत रेल्वेनेही वॅगनवर रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग बसवायला सुरुवात केली आहे. तरीही रंगवलेला क्रमांक गेलेला नाही, कारण तो वाचायला यंत्र लागत नाही.

वॅगनवर छापाने लिहिलेली आणखी एक गोष्ट असते. शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कोठे झाली ते, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी परत जाण्याची तारीख. ती तारीख उलटली की वॅगन दुरुस्तीला धाडायची असते. ब्रेक, स्प्रिंगा आणि चाके यांचे भवितव्य त्या चार आकड्यांवर अवलंबून असते.

देवनागरीची पंचाईत

स्टेन्सिलची ही युक्ती इंग्रजी अक्षरांना चांगली मानवली. देवनागरीची मात्र पंचाईत होते. इंग्रजीत ज्यांचे पोट बंद आहे अशी अक्षरे थोडी. देवनागरीत शिरोरेखेमुळे पुष्कळ अक्षरांवर छत पडते आणि 'प', 'म', 'स', 'ष' यांची बंद घरे तयार होतात. 'व' आणि 'ब' यांची पोटे तर मुळातच बंद. कारखान्यात सगळीकडे लागणारा 'सावधान' हा एकच शब्द कापायला घेतला तरी 'स' आणि 'व' यांत बेटे निघतात आणि प्रत्येकाला पूल बांधावा लागतो.

दुसरी अडचण खुद्द शिरोरेखेची. शब्दभर सलग रेघ कापली की पत्र्यात एक लांब फट पडते. मग पत्रा मधेच लवतो, फट रुंदावते आणि रंग आत शिरतो. म्हणून शिरोरेखा अक्षरागणिक तोडावी लागते. काही रंगारी छाप उचलल्यावर कुंचल्याने ती जोडून घेतात. तिसरी अडचण मजल्यांची आहे. इंग्रजी मोठे अक्षर पट्टीची सगळी उंची स्वतःसाठी घेते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार यांच्यासाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे एकाच उंचीच्या पट्टीत मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. दुभाषी फलकावर मराठी मजकूर बारीक का वाटतो, याचे एक कारण हे आहे. रंगाऱ्याने मराठीची पट्टी थोडी उंच घेतली की ही तक्रार मिटते.

बेंगळुरूत रंगाऱ्याची गाठ कन्नड लिपीशी असते. कन्नडमध्ये सलग शिरोरेखा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापला छोटा तुरा असतो, त्याला तलकट्टु म्हणतात. त्यामुळे लांब फटीचा त्रास नाही. पण अक्षरे गोल आणि आडवी पसरणारी आहेत, शिवाय जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. अशा अक्षरांना दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करणे म्हणजे जिलेबीला शेवेच्या साच्यातून काढण्यासारखे आहे. २०२४ मध्ये कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती होऊन दुकाने आणि आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले, तेव्हा या शहरातल्या फलक करणाऱ्यांपुढे हा प्रश्न रोजच्या कामाचा होऊन बसला.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. छापाने लिहिणाऱ्याला ती लिपी वाचता आलीच पाहिजे असे नाही. परप्रांतातून आलेला कामगार ज्या भाषेचे एकही अक्षर ओळखत नाही, त्या भाषेतली सूचना तो हुबेहूब उमटवू शकतो. या सोयीमुळे अनेकांना काम मिळाले. पण याच सोयीत धोकाही आहे. छाप उलटा ठेवला गेला, मधले अक्षर निसटले किंवा चुकीचा छाप हाती आला, तर लिहिणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून ज्या कारखान्यात कामगारांना ते काय रंगवत आहेत हे समजावून सांगितले जाते, तेथे अशा चुका होण्याआधीच थांबतात.

पत्र्याविना छाप

आता संगणकावर स्टेन्सिलची शेकडो अक्षररूपे मिळतात. शिकागो शहरासाठी केलेल्या 'बिग शोल्डर्स' या जाड, अरुंद अक्षरकुलाला स्टेन्सिलची खास जोड आहे आणि ते फुकट वापरता येते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीची 'टेको' आणि 'खंड' ही देवनागरी व इंग्रजीतली अरुंद अक्षरकुले मथळ्यांसाठी लोकप्रिय झाली आहेत. त्यांत पुलांच्या चिरा नाहीत, पण कमी जागेत उंच आणि ठसठशीत अक्षर बसवण्याचा हेतू तोच आहे.

पडद्यावर कोणतेही बेट गळून पडत नाही. तेथे पुलाची गरज नाही. तरीही अक्षरात चिरा ठेवतात त्या केवळ कारखान्याची आठवण करून देण्यासाठी. बेंगळुरूत गोदामासारखी सजावट केलेल्या कॉफीच्या दुकानांत भिंतीवर अशी अक्षरे हमखास दिसतात. त्यात वावगे काही नाही. मात्र ती वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे अक्षर मोठ्या आकारात आणि चार-पाच शब्दांपुरतेच शोभते. लग्नपत्रिकेचा मजकूर किंवा औषधाच्या सूचना त्यात छापल्या तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना शिक्षा होते. दुसरे असे की, प्रत्यक्ष पत्रा कापायचा असेल तर संगणकावरचे प्रत्येक 'स्टेन्सिल' कामाचे नसते. काहींचे पूल इतके नाजूक असतात की पत्र्यात ते टिकतच नाहीत. काहींच्या एखाद्या अक्षरात पूल द्यायचाच राहून गेलेला असतो. छाप कापायला देण्यापूर्वी अक्षर मोठे करून, पोटातले प्रत्येक बेट बाहेरच्या पत्र्याशी जोडलेले आहे ना, हे बोटाने गिरवून पाहावे. पाच मिनिटांच्या या तपासणीने पत्रा आणि पैसा दोन्ही वाचतात.

स्वयंपाकघरातला छाप

या अक्षरांशी सामान्य कुटुंबाचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो गॅसच्या सिलिंडरवर. सिलिंडरच्या डोक्यावर उचलण्यासाठी एक कडे असते. ते तीन उभ्या पट्ट्यांवर बसवलेले असते. त्यांपैकी एका पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. वॅगनवरच्या परतीच्या तारखेसारखीच ही तारीख आहे. तिच्यापुढे सिलिंडरची दाबाची चाचणी पुन्हा व्हायला हवी.

'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' म्हणजे जूनअखेर, 'सी' म्हणजे सप्टेंबरअखेर आणि 'डी' म्हणजे डिसेंबरअखेर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. 'बी' आणि २८ असे लिहिले असेल तर त्या सिलिंडरची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. ही तारीख गॅसची नव्हे, गॅस ज्या लोखंडी टाकीत भरला आहे तिची आहे. घराघरांतून आपटत, लोळत, गंजत फिरणाऱ्या टाकीला ठरलेल्या वेळी तपासून पाहणे आवश्यक असते. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घेऊ नये, तो परत करून दुसरा मागावा. रंग उडून अक्षर वाचता येत नसेल तरीही हेच करावे.

दुसरा आकडा वजनाचा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो भरतात. रिकामे वजन १५.८ किलो असेल तर भरलेला सिलिंडर ३० किलो भरला पाहिजे. पोचवायला आलेल्या माणसाला घरासमोर वजन करून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आणि गळतीचा वास आला तर बटणांना हात न लावता, खिडक्या उघडून, शेगडी व रेग्युलेटर बंद करून आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

हे अक्षर आणि आकडे घरातल्या एकट्या कर्त्या माणसाला माहीत असून भागत नाही. सिलिंडर येतो तेव्हा दार बहुधा गृहिणी, आजीआजोबा किंवा सुट्टीत घरी असलेली मुले उघडतात. पुढचा सिलिंडर येईल तेव्हा पैसे देण्याआधी मुलांना कड्यापाशी बोलावून ती पट्टी दाखवावी आणि त्यांच्याकडूनच तारीख वाचून घ्यावी. फाटकावर डबे मोजणाऱ्या मुलांना हे काम आवडेल आणि एकदा शिकलेली ही बाराखडी ती विसरणार नाहीत.